लिनक्सवर फुकट गेम खेळण्याची आदर्श आचारसंहिता

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि आपल्या नाशकातल्या बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरांवर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स बसलं. कोणाच्या भाच्याने बसवून दिलं, कोणी यूट्यूब बघत स्वतःच बसवलं. आनंद आहे. त्यावर गेमही चालतात, हा तर डबल आनंद. पण नवीन माणसाला इथली रीतभात माहीत नसते. चुकून एखाद्याचे आभार मानून बसतो. तसं होऊ नये म्हणून या काही सूचना.

सगळ्यात आधी, फुकट मिळणारी वस्तू आपोआप उगवते हे मनात पक्कं करा. विंडोजसाठी केलेला गेम लिनक्सवर चालतो कसा, असा किडा डोक्यात वळवळलाच तर तिथेच चिरडा. नाहीतर कळेल की वाइन नावाचं प्रकरण १९९३ पासून चालू आहे आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. मायक्रोसॉफ्टचा कोड बघायचा नाही. बाहेरून टकटक करायची, विंडोज कोणत्या हाकेला कशी ओ देतं ते पाहायचं आणि तशीच ओ देणारं दुसरं काहीतरी स्वतः लिहायचं. पंधरा वर्षं हा उद्योग केल्यावर कुठे ते '१.०' म्हणण्याजोगं झालं. पुढे फिलिप रेबोले या गृहस्थांना 'निअर: ऑटोमाटा' खेळायचा होता, तो लिनक्सवर धड चालेना, म्हणून त्यांनी डायरेक्टएक्सचं, म्हणजे विंडोजच्या चित्रं काढायच्या भाषेचं, बोलणं लिनक्सला कळणाऱ्या वल्कनला समजावून सांगणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये त्यांना पैसे देऊन याच कामाला लावलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधलेलं प्रोटॉन बाहेर आलं. आज तुम्ही स्टीमवर 'प्ले' दाबता आणि गेम उघडतो, तो या सगळ्यामुळे. तुम्ही मात्र मित्रांना सांगायचं, "लिनक्सवर आता सगळं चालतं बरं का!" म्हणजे पोराला वयात आल्यावर मिसरूड फुटावी तसं लिनक्सला ते फुटलं.

काही बिघडलं तर 'चालत नाही' एवढंच लिहा. लॉग, म्हणजे काय बिघडलं त्याची प्रोग्रॅमने स्वतः ठेवलेली नोंद, पाठवू नका. स्क्रीनचा फोटो पाठवा, तोही मोबाइलने, तिरका, ट्यूबलाइटच्या चकाकीसकट.

व्हॅलोरंट हा गेम चालत नाही याबद्दल वाइनवाल्यांना शिव्या घाला. त्याचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात, जाऊन बसतं आणि लिनक्ससाठी ते काढलेलंच नाही, हे मनावर घेऊ नका. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या तसल्याच दोन पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण कडी गेम काढणाऱ्या कंपनीच्या हातात ठेवली. बऱ्याच कंपन्या ती काढत नाहीत. 'एपेक्स लेजंड्स'ने तर काढलेली कडी २०२४ मध्ये पुन्हा लावली. पण कंपनीला लिहून काय उपयोग? तिथे ठरावीक छापील उत्तर येतं. वाइनवाला हाडामांसाचा माणूस आहे, त्याला लागतं. त्यालाच लिहा.

देणगीची आठवण हा घोर अपमान समजा. केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपवर ६.२ आवृत्तीपासून डिसेंबरात एक छोटी चौकट येते, जमल्यास मदत करा म्हणून. वर्षातून एकदा. एका क्लिकने जाते. ही कसली लाचारी! तुम्ही विंडोजच्या स्टार्ट मेनूतल्या जाहिराती बघितल्या, क्रिकेटच्या दोन चेंडूंमध्ये गुटख्याच्या भावंडांच्या जाहिराती बघता, पण ही चौकट दिसली की तुमची खासगी जागा धोक्यात येते. लगेच निषेध नोंदवा.

पैसे देण्याची वेळ आलीच तर रिझर्व्ह बँकेला पुढे करा. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले आणि परदेशी प्रकल्पांच्या महिन्याच्या देणग्या अडकू लागल्या, हे खरंच आहे. म्हणून तर हे कारण भारी. एकरकमी देता येतात, हे कोणाला बोलू नका. स्टीमच्या सेलमध्ये कधीच न उघडायचे गेम पोत्याने घेताना तुमचं पेमेंट सुरळीत जातं, तो विषय वेगळा.

आता मुख्य सूचना, खास गेमिंग कॅफेवाल्यांसाठी. ज्याच्या सॉफ्टवेअरवर आपला गल्ला भरतो त्याला आपला नोकर समजा. बिनपगारी.

मी एक छोटं टूल लिहिलंय. एम. जी. रोडवर स्वस्तातले कंट्रोलर मिळतात, वरून एक्सबॉक्सचं कवच आणि आत देवाला ठाऊक कुठली चिप. ते लिनक्सला जोडले की ट्रिगरचं साधं बटण होतं, एक्सचा वाय होतो, उजवी काडी वर ढकलली की कॅमेरा डावीकडे पळतो. टूल असे कंट्रोलर ओळखतं आणि बटणं जागेवर आणतं. माझ्याकडे तसलाच एक होता म्हणून लिहिलं आणि इतरांना उपयोगी पडेल म्हणून मोकळं ठेवलं. नोकरी अंबडला, हे काम रात्री जेवणं झाल्यावर. सिडकोतल्या एका कॅफेवाल्याने सगळ्या मशीनवर लिनक्स चढवलं, कारण विंडोजच्या लायसन्सचे पैसे वाचतात. त्यात माझं टूल. तासाला ५० रुपये, शाळा सुटली की पोरांची रांग. चांगलं आहे. लायसन्सने धंद्यालाही परवानगी दिली आहे, माझी तक्रार नाही.

मध्यंतरी रात्री पावणेबाराला फोन आला. "दादा, उद्या टेकनची टुर्नामेंट आहे. चार कंट्रोलरचं एल-टू चालत नाही. बघा ना अर्जंट."

कोणते कंट्रोलर?

"काळे."

लॉग पाठवता का?

"ते तुम्हालाच माहीत ना दादा, तुम्हीच बनवलंय. अंबडला जाताना आमचं वाटेतच पडतं, सकाळी येऊन जा."

गेलो. कंट्रोलरचा खोका तोच, मॉडेल तेच, पण नव्या लॉटमध्ये आतली चिप बदललेली, त्यामुळे कंट्रोलर लिनक्सला स्वतःची ओळख वेगळीच सांगत होता. तिथे उभ्या उभ्या टूलमध्ये त्याची नवी ओळ घातली, चारही चालू झाले. भिंतीवर टुर्नामेंटचं पोस्टर, प्रवेश फी २०० रुपये. मी म्हटलं, टूलच्या पानावर क्यूआर आहे, जमेल तेवढं टाका, म्हणजे मला असे वेगवेगळे कंट्रोलर विकत आणून तपासता येतील. तो हसला. चेष्टेने नाही हो, अगदी मनापासून हसला. "दादा, ओपन सोर्स आहे ना? मग पैसे कशाचे?" आणि पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. कटिंग.

त्यानंतर अपडेट आलं, कर्नल बदलला, टूल काही मशीनवर अडलं. या वेळी फोन नाही. थेट गेमिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर पत्रक: "हे टूल वापरू नका, फालतू आहे, बनवणारा सपोर्ट देत नाही." सपोर्ट देत नाही! खाली एकाने लिहिलं, "फुकटचं असंच असतं," त्याला सहा अंगठे.

फुकटचं असंच असतं? तुमच्या कॅफेतला एसी बंद पडला की मेकॅनिक आधी व्हिजिटचे पैसे मागतो, मग पान्याला हात घालतो, तेव्हा काढता ना मुकाट्याने? इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालणारा पोरगा पैसे नेतो. रविवारी मखमलाबाद रोडला मळ्यात मिसळ खायला चौघं जाता, तिथे जास्तीच्या पावाचे पैसे लावले म्हणून कोणी ग्रुपवर 'या मिसळवाल्याकडे जाऊ नका' लिहीत नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात देशाच्या नोटा छापतात, त्यातली शंभराची एकही सिडकोच्या त्या गल्ल्यातून बाहेर पडून माझ्यापर्यंत येत नाही, कारण काय, तर म्हणे सोर्स ओपन आहे! सोर्स ओपन आहे म्हणजे तुम्ही तो उघडून वाचू शकता, बदलू शकता, पुढे वाटू शकता. माझी झोप त्या लायसन्समध्ये कुठेही दिलेली नाही.

असो. आपण सूचनांकडे वळू.

"मोठ्या कंपन्या देतात की पैसे, आपण कशाला?" हे वाक्य पाठ असू द्या. वाल्व्ह देते, खरंच देते. तिला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर विकायचा होता, तो २०२२ मध्ये आला, त्याच्या आत लिनक्सच आहे. तिला जिथे गरज आहे तिथे तिचा पैसा जातो. एम. जी. रोडच्या कंट्रोलरशी तिला काय देणंघेणं? २०१४ मध्ये हार्टब्लीडचं भगदाड सापडलं, तेव्हा जगभरच्या बँका आणि दुकानं इंटरनेटवर ज्या ओपनएसएसएल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या भरवशावर कुलपं लावत होती आणि ज्यात ते भगदाड होतं, त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या साधारण २,००० डॉलर. मोठ्या कंपन्या तेव्हाही होत्याच की.

आणि एक्सझेडचं तर विसरूनच जा. सगळीकडे वापरलं जाणारं फाइली दाबायचं साधन, सांभाळणारा माणूस एकटा, लासे कोलिन. २०२२ मध्ये काही लोक त्याच्या मानगुटीवर बसले, अपडेट इतके हळू का म्हणून. तो सांगत होता की हा बिनपैशांचा छंद आहे आणि त्याची मनःस्थितीही बरी नाही. तरी टोमणे चालूच. जिया टॅन नावाचा कोणी त्याआधीच गोड बोलून मदतीला आला होता, हळूहळू चाव्या त्याच्याकडे गेल्या आणि मार्च २०२४ मध्ये कळलं की त्याने आत चोरदरवाजा बसवलाय. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खणत बसला, म्हणून सापडलं. टोमणे मारणारेही त्याच कटातले असावेत, असा दाट संशय आहे. पण तेव्हा ते कोणालाच वेगळे वाटले नाहीत. कसे वाटणार? रोजचे खरेखुरे वापरणारेही तसंच बोलतात.

एखाद्याने वैतागून प्रकल्प बंद केला की मात्र मनापासून हळहळा. "चांगलं होतं हो ते."

बास झालं. आता सरळ बोलतो.

नसतील पैसे तर देऊ नका. कॉलेजातल्या पोराकडून कोणी मागितलेलेही नाहीत. त्याने नीट लॉग पाठवावा, एखाद्या नवख्याला दोन गोष्टी समजावून सांगाव्यात, एखाद्या प्रोग्रॅमचे मेनू मराठीत करून द्यावेत. असं करणारी पोरं मला माहीत आहेत, त्यांचा फोन मी रात्री दोनलाही उचलेन. पण ज्याचं दुकान या सॉफ्टवेअरवर चालतं, जो तासाला पैसे मोजून घेतो, त्याने हमी मागायची आणि वर लोकांत बदनामी करायची? जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स उघडून बघा, हमी नाही हे त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलंय. हमी पाहिजे असेल तर मोजा पैसे. कोडवीव्हर्स कंपनीचं क्रॉसओव्हर, म्हणजे वाइनचीच विकतची आवृत्ती, घ्या, त्या कमाईतून वाइनवर काम करणाऱ्यांचे पगार निघतात, तुम्हाला सपोर्टही मिळेल. नाहीतर माणूस ठेवा नोकरीला. झिरोधा या शेअर दलालीच्या कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला १० लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं, कारण आपला धंदा कशावर उभा आहे हे त्यांना माहीत होतं. तुमच्याकडून कोणी लाखाची अपेक्षा करत नाही. एका पोराची एका टुर्नामेंटची फी. तेवढीही जड झाली तुम्हाला, आणि 'फालतू' लिहिताना बोट थांबलं नाही?

आणि सिडकोवाले भाऊ, तुम्ही ग्रुपवर लिहिलेलं मी वाचलंय. नवीन कर्नलसाठीची दुरुस्ती तयार आहे, बाकीच्यांनी ती लावलीही. तुमच्याकडे येऊन ती मी लावून देणार नाही, फोनवर सांगणारही नाही. एका ओळीची कमांड आहे. टूलच्या पानावर वरच लिहिली आहे, क्यूआरच्या खाली, मराठीत. वाचा.