अठ्ठ्याऐंशी टक्क्यांचं भूत

‘व्हेंटिलेटर लावू देऊ नका. शंभरातले ८८ मरतात. मशीनच फुप्फुसं फाडतं. ऑक्सिजनचा मास्क द्या, पालथं झोपवा, माणूस वाचतो.’ हा मजकूर अजून फिरतोय. निव्वळ थापा असत्या तर दोन ओळींत उत्तर झालं असतं.

८८ हा आकडा खरोखर छापला गेला होता. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या ५,७०० कोविड रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले १,१५१ व्हेंटिलेटरवर गेले होते. नोंदी थांबवल्या त्या दिवशी २८२ दगावले होते, ३८ घरी गेले होते आणि ८३१ अजून रुग्णालयातच होते. २८२ ला ३२० ने भागा, ८८ टक्के येतात. उरलेले ८३१ हिशेबातच नाहीत! मरण लवकर येतं, बरं व्हायला आठवडे लागतात. मध्येच हिशेब मांडला की तो भयाणच दिसणार. दुरुस्ती लगोलग छापली गेली. ती कुणी फॉरवर्ड केली नाही.

व्हेंटिलेटरवर थोडेच दगावतात असं मात्र मी म्हणणार नाही. ५० देशांतल्या रुग्णांची पाहणी २०१६ मध्ये आली, तिच्यात तीव्र एआरडीएसचे (फुप्फुसं सुजून, पाण्याने भरून ऑक्सिजन रक्तात पोचेनासा होतो, त्या अवस्थेचे) ४६ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. पण श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावायची वेळ मुळात आधीच खालावलेल्यांवर येते.

‘मशीन फुप्फुसं फाडतं’ यात तथ्य आहे, आणि ते शोधलं अतिदक्षता विभागातल्या संशोधकांनीच. एआरडीएसमध्ये फुप्फुसाचा बराच भाग पाण्याने भरलेला किंवा मिटलेला असतो. उघडा राहतो तो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा. त्यात मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास कोंबला तर वायुकोश ताणून जखमी होणारच. म्हणून अमेरिकेत ८६१ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००० मध्ये आला. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर श्वास दिलेल्यांत ३९.८ टक्के मृत्यू, ६ मिलिलिटर दिलेल्यांत ३१. यंत्र तेच, फक्त माप निम्मं. दोष सापडला आणि दुरुस्तही झाला, एवढं त्या मजकुरात घालायला काय हरकत होती?

मास्क पुष्कळांना पुरतो. पण धाप टाकून छातीचे स्नायू थकले, कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जाऊ लागला, की नुसता ऑक्सिजन वाढवून भागत नाही.

राहिलं पालथं झोपवणं. जागेपणी पालथं झोपून काही कोविड रुग्णांची नळी टळली, हे खरं. पण या उपायाने जीव वाचतात याचा ठळक पुरावा २०१३ च्या फ्रेंच चाचणीतून आला: रोज किमान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. त्या चाचणीत ४६६ रुग्ण होते. सगळेच्या सगळे व्हेंटिलेटरवर.