वाईट बातमी वर येऊ नये म्हणून

बातम्या दाबायला खर्च येतो. कात्री चालवणारे लागतात, त्यांचे पगार लागतात, शिवाय त्यांना सगळं कळतं ते वेगळंच. त्यापेक्षा अहवाल लिहिणाऱ्याच्याच हातून तो गोड लिहून घ्यावा. याची कृती चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात, माओंच्या ‘मोठी झेप’ मोहिमेत, देशभर करून पाहिलेली आहे. प्रमाण बदलू नका.

सुरुवात शर्यतीने करा. खोटं बोला असं कुणालाही सांगायचं नाही. शेजारच्या तालुक्याचा आकडा तेवढा पेपरात ठळक छापायचा. जून १९५८ मध्ये हेनान प्रांतातल्या चायाशान कम्यूनने, म्हणजे सामूहिक शेती करणाऱ्या गावगटाने, एका मूला २,१०५ जिन गहू पिकल्याचं जाहीर केलं. (मू म्हणजे साडेसहा गुंठे, जिन म्हणजे अर्धा किलो.) ऑगस्टमध्ये माचेंगने भाताचे ३६,९०० जिन सांगितले, सप्टेंबरमध्ये हुआनजियांगने १,३०,४३४. आपल्या हिशेबात हे एकरी ३,९५० क्विंटल होतात. आजच्या संकरित बियाण्यावर एकरी तीस क्विंटल भात काढणारा आपल्याकडे सत्काराला बसतो, यावरून अंदाज घ्या.

पाहुणे शेत बघायला येतील. त्यासाठी आसपासच्या शेतांतलं पिकलेलं भात मुळासकट उपटून एकाच शेतात खेटून लावायचं. इतकी दाटी झाली की आतली रोपं कोंदटून कुजतात, म्हणून आत हवा घालायची सोय करावी लागते. मग वर मुलं उभी करून फोटो. एखादा नामवंत शास्त्रज्ञही हाताशी असू द्या. रॉकेटतज्ज्ञ छ्यान श्वेसेन यांनी सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून पिकाला अजून किती वाव आहे ते लिहून दिलं होतं. त्यांचा शेतीशी संबंध नव्हता, हे सोयीचंच.

वर्षाची बेरीज आली ३७.५ कोटी टन. खरं पीक होतं सुमारे २० कोटी टन.

नवशिके राज्यकर्ते इथेच चुकतात. आकडा ऐकून खूश होतात आणि सोडून देतात. सोडायचं नाही, त्याच आकड्यावर लेव्ही बसवायची. सगळी गंमत त्यात आहे. कोठारात तेवढं धान्य येत नाही, येणारच नाही, आणि आता सही करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, आपण फेकली होती हे कबूल करायचं, म्हणजे घातपाती ठरायचं. दुसरी, पीक भरघोस आलं पण शेतकऱ्यांनी लपवलं असं म्हणायचं. दुसरी वाट मोकळी ठेवा. मग तोच माणूस तुमच्या वतीने घरोघरी जमिनी उकरेल, बेण्याला ठेवलेलं उचलेल, नाही म्हणणाऱ्याला झोडपेल. वेगळा हेर नेमायला नको. १९५९ मध्ये पीक १७ कोटी टनांवर घसरलं, तरी चीनमधून ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात झालं. कागदावर होतं ना!

तरीही एखादा बोलतोच. तो बोलू द्या. आणि शिक्षेसाठी लहानसा कारकून निवडू नका, त्याचा काही दरारा बसत नाही. माणूस वरचा हवा, निष्ठावंत हवा, आणि बोललेला हवा सौम्य. पेंग दहुआई संरक्षणमंत्री होते, कोरियातल्या लढाईचे सेनापती. अतिरेक आवरायला म्हणूनच लूशानला बैठक भरलेली, तिथे १४ जुलै १९५९ ला त्यांनी माओंना खासगी पत्र दिलं. आधी स्तुती, मग अडचणी. परसातल्या पोलादभट्ट्यांबद्दल लिहिताना त्यांनी नुकसान आधी लिहिलं आणि फायदा नंतर. पत्र दोन दिवसांत छापून सगळ्यांना वाटलं गेलं, २३ तारखेला माओ बोलले, आणि पेंग यांच्या जागी लिन प्याव आले. त्यानंतर अतिरेक आवरायचं नावही कुणी काढलं नाही. देशभर ‘उजवे’, म्हणजे मोहिमेवर शंका घेणारे, शोधायची मोहीम निघाली.

खाली काय करायचं ते शिनयांग जिल्ह्याकडून शिका. रस्त्यांवर पहारे, म्हणजे भुकेलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन बोभाटा करत नाही. बाहेर जाणारी पत्रं टपाल कचेरीतच अडवायची. तिथे हजारोंनी अडवली. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ‘भूक’ लिहायचं नाही. ‘सूज’ चालेल, तो आजार आहे. कोठारं मात्र उघडायची नाहीत, नाहीतर धान्य कमी पडलं होतं असा अर्थ निघतो. सुमारे ऐंशी लाख वस्तीत दहा लाखांवर माणसं मेली, आणि गुआंगशानमध्ये खरं सांगू पाहणारा तालुक्याचा अधिकारी चांग फुहोंग मारहाणीत गेला.

इतकं करूनही बातमी पोचलीच, तर दचकू नका. जमीनदारांनी पुन्हा डोकं वर काढलं, असा शेरा मारा. शिनयांगवर तोच मारला गेला. खालच्या दोन-चार अधिकाऱ्यांना पकडा, लेव्ही कमी करायचीच झाली तर करा, पण गुपचूप.

जानेवारी १९६२ मध्ये सात हजार अधिकाऱ्यांसमोर राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांनी एक हिशेब ऐकवला: दोष तीन हिस्से निसर्गाचा, सात हिस्से माणसांचा. तेव्हा काही करू नका, नाव तेवढं लिहून ठेवा. १९६९ मध्ये ते कैदेत कायफेंगला वारले. दहनाच्या फॉर्मवर भलतंच नाव होतं, धंदा: काही नाही, मृत्यूचं कारण: आजार.