कारलाव्हरॉक इंग्रजांनी पाडला नाही

स्कॉटलंडमधल्या डमफ्रीजजवळच्या कारलाव्हरॉक किल्ल्याचा फोटो एका मजकुरासह सगळीकडे फिरतोय: ‘१३०० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने महिनोन्‌महिने तोफा डागून हा किल्ला पाडला. तेव्हापासून तो ओसाड आहे.’ यात साल आणि राजा बरोबर आहे, बाकी सगळं चूक.

तोफांचं आधी. १३०० साली ब्रिटनमध्ये तोफ आलेलीच नव्हती. एडवर्डकडे दगड फेकणारी यंत्रं होती. महिनोन्‌महिनेही नाही. सुमारे तीन हजारांच्या फौजेपुढे आतले साठेक जण दोनच दिवसांत शरण आले. या वेढ्यावर त्याच काळातलं फ्रेंच काव्य आहे. तीनच बाजू असलेल्या या भुईकोटाला त्यात ढालीची उपमा दिली आहे. तो त्रिकोण आणि भोवतीचा पाण्याचा खंदक आजही तसाच दिसतो.

एडवर्डने किल्ला पाडला नाही, ताब्यात ठेवला. पुढे किल्लेदार युस्टस मॅक्सवेल, ज्याच्या घराण्याचाच हा किल्ला होता, १३१२च्या सुमारास इंग्रजांशी लढणाऱ्या स्कॉटलंडच्या राजाला, रॉबर्ट ब्रूसला मिळाला आणि त्यानेच तटबंदी मोडून टाकली. किल्ला पुन्हा शत्रूच्या हाती लागला तर तो त्याच्या उपयोगी पडू नये, हे ब्रूसचं धोरण होतं. स्वतःचं घर मोडण्याचा हा निर्णय त्या फॉरवर्डमध्ये पुसला जातो, याचं मला वाईट वाटतं.

‘तेव्हापासून ओसाड’ हे तर किल्ल्यात पाऊल टाकताच खोटं ठरतं. जोडबुरुजांच्या दरवाजावर मान वर करून पाहा. तटाच्या माथ्याला बाहेर काढलेले दगडी हात आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींतून खाली दगड टाकता यायचे. हे काम पंधराव्या शतकातलं. आत गेलात की डावीकडे तांबड्या वालुकाश्मातली देखणी दर्शनी भिंत उभी आहे. ओळीने मोठ्या खिडक्या, प्रत्येकीच्या माथ्यावर कोरीव त्रिकोण नाहीतर अर्धगोल. १६३४च्या सुमारास रॉबर्ट मॅक्सवेल, म्हणजे निथ्सडेलचा अर्ल, याने बांधलेला हा राहता वाडा. वेढ्याच्या धास्तीत जगणारा माणूस एवढ्या खिडक्या ठेवत नाही.

वेढा मात्र सहाच वर्षांत पडला. मॅक्सवेल कॅथलिक आणि राजा पहिल्या चार्ल्सच्या बाजूचे. वेढा घालणारे कॉव्हेनंटर, म्हणजे राजाच्या धर्मधोरणाविरुद्ध उठलेले प्रॉटेस्टंट स्कॉटिश. तेरा आठवडे किल्ला लढला. शरणागतीनंतर दक्षिणेची भिंत आणि आग्नेयेचा बुरूज पाडला गेला. दरवाजातून आत आल्यावर समोर जे मोकळं आकाश दिसतं ते १६४०चं आहे, आणि ती भिंत पाडणारे स्कॉटिशच होते.