‘उंदराचे विष’ आणि मावशीची संध्याकाळची गोळी

गेल्या महिन्यात मावशीच्या औषधांच्या डबीत सकाळचे खण रिकामे आणि संध्याकाळचे सगळे खण भरलेले दिसले. विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांना, डॉक्टर देतात त्या ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ मुळात उंदराचे विष आहेत, सत्तरीनंतर त्यांनी मेंदूत रक्तस्राव होतो, त्याऐवजी अ‍ॅस्पिरिन किंवा लसूण पुरेसा आहे आणि ठोके नियमित झाले की गोळी बंद करावी, असे त्या संदेशात लिहिले होते. मावशीचे वय ७६. घाबरून तिने अपिक्साबॅन या अशाच औषधाची संध्याकाळची गोळी परस्पर बंद केली होती.

विषाच्या कथेला खरा आधार आहे. अमेरिकेत आणि कॅनडात सडलेले स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत, त्याचे कारण शोधताना विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेला डायकुमॅरॉल हे रक्त गोठू न देणारे रसायन सापडले, त्यातून वॉरफरिन निघाले आणि ते १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. पुढे १९५४ मध्ये ते माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा असतो, आणि वॉरफरिनची मात्रा रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप) करून, तो आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान राहील अशी ठरवली जाते. शिवाय अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान ही नवी औषधे त्या कुळातली नाहीतच. मला तर ‘रक्त पातळ’ हा शब्दच घातक वाटतो, कारण वरणात पाणी घातल्यासारखे रक्त पातळ होत नाही, तर ते गोठण्याची क्रिया मंदावते, एवढेच.

ती मंदावण्याची गरज का पडते, हे संदेशात कुठेच नाही. या विकारात अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात, त्यामुळे डाव्या अलिंदाला लागून असलेल्या लहानशा पिशवीत रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि वय वाढेल तसा तो वाढतच जातो.

म्हणूनच सत्तरीचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण ज्यांना गोळीचा सर्वाधिक उपयोग आहे त्यांनाच तो गोळीपासून दूर नेतो. ७५ वर्षे आणि त्यापुढील ९७३ रुग्णांवर इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेली ‘बाफ्टा’ चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्राणघातक किंवा अपंगत्व आणणारा पक्षाघात, कवटीतील रक्तस्राव आणि इतरत्र अडकलेली गुठळी यांचे एकत्रित प्रमाण वॉरफरिन घेणाऱ्यांत वर्षाला १.८ टक्के, तर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के होते. ज्या रक्तस्रावाची भीती घातली जाते तो या हिशेबात धरलेला आहे, तरीही पारडे गोळीकडेच झुकते. नव्या औषधांनी तर कवटीतील रक्तस्राव वॉरफरिनच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो.

अ‍ॅस्पिरिनचा दावा २०११ च्या ‘अ‍ॅव्हेरोज’ चाचणीने थेट तपासला. वॉरफरिन देणे योग्य नसलेल्या ५,५९९ रुग्णांमध्ये पक्षाघात किंवा इतरत्र गुठळी अडकण्याचे वार्षिक प्रमाण अ‍ॅस्पिरिनवर ३.७ टक्के, तर अपिक्साबॅनवर १.६ टक्के होते. मोठा रक्तस्राव अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच होता. लसूण फोडणीत खुशाल घालावा. या गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

ठोके नियमित झाले म्हणून धोका टळत नाही, कारण तो वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरतो. ठोके नियमित ठेवण्याचा उपचार तपासणाऱ्या २००२ च्या ‘अफर्म’ चाचणीत बहुतेक पक्षाघात वॉरफरिन थांबवलेल्या किंवा आयएनआर कमी राहिलेल्या रुग्णांतच झाले.

आता जे खरे आहे तेही मान्य करायला हवे. या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. म्हणून मूत्रपिंडाचे काम तपासून मात्रा ठरवावी लागते आणि अंगदुखीसाठी मनाने वेदनाशामक घेणे टाळावे लागते. तरुण आणि इतर कोणताही धोका नसलेल्या रुग्णाला बहुधा गोळीची गरजच नसते. संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्यांना किंवा धातूची झडप बसवलेल्यांना नवी औषधे चालत नाहीत, त्यांना वॉरफरिन किंवा आपल्याकडे सर्रास दिले जाणारे असिनोकुमॅरॉलच घ्यावे लागते. पालेभाज्यांचा या दोन गोळ्यांच्या परिणामावर फरक पडतो, तरी त्यांनी मेथी-पालक सोडण्याचेही कारण नाही, फक्त प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे.

मावशीच्या बाबतीत संध्याकाळच्या गोळीचे महत्त्व वेगळे सांगावे लागले. अपिक्साबॅनचे रक्तातील प्रमाण साधारण १२ तासांत निम्मे होते, त्यामुळे एक वेळ गाळली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संरक्षण विरत जाते. डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी राहिलेल्या गोळ्या भरून न काढता त्याच संध्याकाळपासून ठरल्या वेळी एकेक सुरू करायला सांगितले, आणि शौचास काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर थांबून न राहता रुग्णालय गाठायला सांगितले. त्या रात्री जेवणाआधी मावशीने स्वतःच संध्याकाळचा खण उघडला.