छतावरच्या पॅनेलआधीचं काम

नेट-झिरो इमारतींवरचा, म्हणजे जेवढी ऊर्जा वापरतात तेवढी स्वतःच तयार करणाऱ्या इमारतींवरचा, एक लेख वाचला. त्या लेखात अशा इमारतीचं जवळजवळ सगळं श्रेय छतावरच्या सोलर पॅनेलना दिलं आहे. मला हा क्रम उलटा वाटतो. छत एकच असतं, मजले अनेक. प्रत्येक मजल्याचा वापर आधी कमी केला नाही, तर उंच इमारतीला तेवढं छत पुरणारच नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचं बुलिट सेंटर हे सहा मजली ऑफिस (२०१३) बघा: वीजवापर आधी खूप खाली आणला, तरीही पॅनेल बसवायला छत भिंतींच्या बाहेरपर्यंत वाढवावं लागलं.

खरी बचत नकाशावरच ठरते. इमारतीचं तोंड कुठे, काच किती, भिंतीत उष्णतारोधक थर आहे का, फटींतून हवा किती गळते. आणि सावली काचेच्या बाहेर हवी! आतला पडदा ओढेपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं, मग ती उष्णता बाहेर काढायला एसी राबतो. हे नंतर सुधारणं फार महाग पडतं, म्हणून आर्किटेक्ट आणि इंजिनिअर पहिल्या दिवसापासून एकत्र बसायला हवेत.

सिमेंट आणि पोलाद बनवताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा लेखात उल्लेखच नाही. ते इमारतीत कुणी राहायला येण्याआधीच हवेत गेलेलं असतं. शक्य तिथे जुनी इमारत न पाडता सुधारावी, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय ‘शून्य’ हा बहुतेक वेळा वर्षाचा हिशोब असतो. दुपारी जास्तीची वीज ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) दिली, तरी रात्रीची वीज कोळशाची असू शकते. त्यामुळे नेट-झिरोच्या प्रमाणपत्राबरोबर मीटरचे दरमहाचे आकडेही जाहीर व्हायला हवेत.