माशासमोर पाडलेला भांग

काल शेजारच्या काकांनी भिंतीवरच्या माझ्या अँग्लरफिशच्या फोटोत बघून भांग पाडला. खिशातून कंगवा काढला, मान तिरकी केली, कानांवरचे केस चापून बसवले आणि मग विचारलं, "हे मागे काय आहे रे, डाग?"

डाग नव्हे, मादी आहे ती. कपाळातून निघालेल्या दांडीच्या टोकाशी जिवाणूंचा दिवा लावून, आ वासून भक्ष्याची वाट बघत बसलेली. काळ्याभोर छपाईवर साधी काच बसवली की आरसा तयार होतो हे फ्रेम करणाऱ्याला ठाऊक असणारच, पण मला "साधीच छान दिसते" असं सांगण्यात आलं. चकाकी न मारणारी काच मिळते म्हणे. तिचा भाव ऐकल्यावर फोटो फुकट मिळाल्यासारखा वाटतो. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण त्या माशासमोर थबकतो, दात तपासतो (स्वतःचे) आणि पुढे जातो.

"मासा आहे काका. खोल समुद्रातला."

"मग पाणी कुठाय?"

"हे काळं दिसतंय ते पाणीच."

"पाणी निळं असतं."

मी सांगितलं, की दोनशे मीटरच्या खाली उजेड विझत जातो आणि हजार मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोचतच नाही. काकांनी सहानुभूतीने मान हलवली. "म्हणजे फोटोवाल्याकडे फ्लॅश नव्हता."

"होता! म्हणून तर मासा दिसतोय."

"मग पाणी का नाही दिसत?"

कंगवा अजून हातातच होता. अशा माणसाला काय समजावणार? तरी मी समजावलं, हा माझा स्वभाव. म्हटलं, हा निदान दिसतोय तरी. काही खोल पाण्यातल्या माशांची कातडी इतकी काळी असते, की अंगावर पडलेला ९९.५ टक्क्यांहून जास्त प्रकाश गिळून टाकते. कॅरन ऑस्बॉर्न नावाच्या संशोधक त्यांचे फोटो काढायला गेल्या, तर दिवे कसेही लावले तरी हाती नुसत्या आकृत्या यायच्या. त्यावर त्यांच्या चमूने २०२० मध्ये शोधनिबंध लिहिला.

"काळ्या पाण्यात काळा मासा," काका म्हणाले. "आणि तू त्याचे पैसे मोजलेस. अरे, काळा कार्डबोर्ड लावायचास. आमच्याकडे पडलाय एक."

मग ते दुसऱ्या फ्रेमकडे वळले. तिथे बॅरलआय आहे, पारदर्शक डोक्याचा. काका एकदम हळवे झाले. "हा मात्र चांगला आहे. डोळे बघ कसे केविलवाणे!"

"त्या नाकपुड्या आहेत."

"नाही."

"काका, खरंच. डोळे वर आहेत, डोक्याच्या आत. ते हिरवे घुमट दिसतायत ना, ते."

"ते मेंदू असतील."

हा मासा शास्त्राला १९३९ पासून माहीत होता, पण जाळ्यातून वर येताना डोक्यावरचं ते नाजूक आवरण फाटून जायचं. त्यामुळे जुन्या चित्रांत ते नाहीच. हे डोळे आत फिरतात, वरही बघतात आणि समोरही, हे ब्रूस रॉबिसन आणि किम रायझनबिक्लर यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. हे सगळं मी एका दमात सांगितलं. काका फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तरी पण डोळे केविलवाणेच आहेत."

काकांचं एक वेळ सोडा. हे फोटो विकणारे तरी कुठे धड आहेत? नाव नाही, खोली नाही, आकार नाही. खाली एकच शब्द, 'राक्षस'. जेमतेम वीतभर मासा, तो दाराएवढा छापायचा आणि वर राक्षस म्हणायचं! हल्ली तर संगणकाने रचलेले मासेसुद्धा फोटो म्हणून खपवतात, दात मोजायला गेलं की एकाला दुसरा चिकटलेला. आणि तो बिचारा ब्लॉबफिश. शेकडो मीटर खाली, पाण्याच्या दाबाखाली, तो चारचौघांसारखा मासा असतो. वर ओढला की दाब जातो, शरीर ढासळतं, त्याचा फोटो निघतो, आणि २०१३ मध्ये जगातला सर्वांत कुरूप प्राणी म्हणून त्याचीच निवड होते. मेल्यावर, तेही विद्रूप होऊन, कुणाचा फोटो काढून मतदान घेतलं तर आपल्यापैकी किती जण शेवटून दुसरे येतील, मला शंका आहे. त्याच फोटोच्या उशा मिळतात. घेतातही लोक.

जाताना काकांनी बॅरलआयचा मोबाइलवर फोटो काढला. फ्लॅश मारून, म्हणजे काचेवर मधोमध पांढरा गोळा. रात्री ग्रुपवर तो आला: 'किती बोलके डोळे! निसर्गाची किमया.' मी खाली लिहिलं, त्या नाकपुड्या आहेत. त्यावर अकरा जणांनी हात जोडले, आणि काकांनी लिहिलं, 'हा पांढरा दिवा बघा, माशाच्या डोक्यातच असतो.'