मारुती जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलबद्दलच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार भाऊ. दोन तारे देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: पुढचा ॲक्सल पूर्ण बांधूनही तोरणमाळहून आल्यावर डाव्या चाकाच्या आतून तेल गळतं, साठच्या वर स्टिअरिंग थरथरतं, आणि चार दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं. सोमवारी गाडी आली तेव्हा दोन्ही नकल (पुढचं चाक वळवणारे सांधे) खोलले. निघालं ते असं.

गळती आमच्या चुकीने. नकलच्या सीलमधून (तेल-ग्रीस अडवणारी कडी) पातळ झालेलं ग्रीस टपकत होतं आणि त्याला गिअर ऑइलचा वास होता. म्हणजे बाहेरचं सील नाही, हाऊसिंगच्या (ॲक्सलचं पोकळ कवच, ज्यात गिअर ऑइल असतं) आतलं ॲक्सल सील गेलं. चाक फिरवणाऱ्या शाफ्टवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे खाच पडलेली होती. आम्ही ती पॉलिश पेपरने घासून नवं सील त्याच जागी बसवलं. नखाला अडकणारी खाच अशी जात नाही, शाफ्टच बदलायला हवा होता. आता बदललाय, सीलसकट. दोन्हीचे पैसे घेतलेले नाहीत.

हाऊसिंगची हवा आत-बाहेर करणारा ब्रीदर मात्र काळ्या मातीने गच्च बुजलेला होता. तो बंद असला की घाटात तापलेल्या हाऊसिंगमधली हवा सीलवर दाब टाकते, आणि तीच गाडी गोमाई नदीच्या पाण्यात उतरवली की हाऊसिंग गार होऊन पाणी आत ओढतं. तेल दुधाळ झालं नव्हतं, हे नशीब. ब्रीदरला नळी जोडून बॉनेटखाली उंच बांधलीय.

थरथरीला कारणं दोन. रिमच्या आत काळी माती वाळून बसली होती. ती धुऊन बॅलन्सिंग केल्यावरच निम्मी थरथर गेली. 235 चे टायर मूळ 205 पेक्षा जड, त्यामुळे असा फरक लगेच हाताला कळतो. उरलेली सैल किंगपिनची (नकल ज्यावर फिरतो ती पिन). ते मोजायची रीत अशी: नकलचं सील आणि टाय रॉड (स्टिअरिंगची ओढ नकलला देणारा दांडा) काढून, टाय रॉडच्या भोकाला स्प्रिंग काटा अडकवून नकल ओढायचा. 1 ते 1.8 किलोच्या ओढीने हलला पाहिजे, त्याहून कमी म्हणजे सैल. सील तसंच ठेवून मोजलं तर सीलचीच ओढ काट्यावर येते. गाडी देताना दोन्हीकडे 1.5 होतं. आता उजवीकडे 1.3, डावीकडे फक्त 0.4. किंगपिनच्या नव्या बेअरिंगचे कप (बाहेरच्या कड्या) चालून थोडे बसतातच, पण इतके नाही. डावा खालचा कप आम्ही तळाला पूर्ण टेकवला नव्हता, तो चालताना टेकला. किंगपिनची 0.1 मिमीची एक शिम (पातळ पत्री) काढली (शिम काढली की घट्ट, घातली की सैल), आता 1.4 येतंय.

कुणीतरी तुम्हाला स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाकायला सांगितलंय. टाकू नका. थरथर दबेल, सैल किंगपिन तसाच राहील आणि बेअरिंग खात बसेल.

नऊ दिवसांचं म्हणाल, तर उजव्या हाऊसिंगचा बॉल (टोकाचा गोल भाग, ज्यावर नकलचं सील घासतं) गंजून खड्डे पडलेला निघाला. असा बॉल नवं सील बघता बघता खातो, म्हणून हाऊसिंगच बदललं आणि ते यायला पाच दिवस लागले. तुम्हाला फोन करून कळवलं नाही, तेवढा राग रास्त आहे.

पाचशे किलोमीटर झाले की गाडी आणा, पुन्हा काटा लावू. सील, टाय रॉड सोडावे लागतात, म्हणून सकाळी दहाच्या आत या, संध्याकाळी गाडी मिळेल. येताना रिम आतून धुऊन आणा.